आधी हात, मग चेहरा

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर दिवाळीच्या तोंडावर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं, बसायला सांगितलं आणि शिपायाला चहा आणायला पाठवलं. आमच्या मोठ्या बाई उगाच कुणाला चहा पाजत नाहीत.

"भूमिती तुम्हीच शिकवता ना?"

"हो. आठवी ते दहावी."

"मग आठवीचे चित्रकलेचे तास पण तुम्हीच घ्या. रेघा, वर्तुळं, सगळं तुमच्या हातातलंच आहे."

मी त्यांना सांगून पाहिलं की पट्टी आणि कंपास काढून घेतले तर माझ्या हातून रेघ म्हणून उमटत नाही. मला आयुष्यात एकच चित्र येतं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नदीत एक बदक. ते बदक सुद्धा इंग्रजी दोनच्या आकड्याचं केलेलं असतं.

"दोन डोंगरांपासून सुरुवात करा," त्या म्हणाल्या आणि चहा आला.

घरी येईपर्यंत माझा राग निवला होता आणि त्याच्या जागी एक वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. शाळेतून घरी स्कूटरवर येताना कॉलेज रोडच्या सिग्नलला थांबले, तर समोरच्या रिक्षाच्या मागच्या काचेकडे पाहून मनात आलं, ही काढायची तर आधी काय काढायचं? सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि मी तिथेच हसत उभी. वय वर्षं सत्तेचाळीस, आणि कुणीतरी मला अधिकृतपणे चित्रं काढायला सांगितलं होतं.

आता शिक्षकाला कुठलीही गोष्ट करायची म्हटली की आधी नियोजन लागतं. वर्षाचं नियोजन, महिन्याचं नियोजन, एकेका धड्याचं टाचण. मी तेच केलं. इंटरनेटवर चित्रकला शिकवणारे रग्गड लोक आहेत, त्यांचं बघून, वाचनालयातून दोन पुस्तकं आणून, एका कार्डशीटवर माझा अभ्यासक्रम लिहून काढला. पहिला घटक नुसत्या रेघांचा, मग खोकी, मग गोल आणि लंबगोल, त्यानंतर घरातली भांडीकुंडी, झाडं, पाय, हात, उभं माणूस आणि सगळ्यात शेवटी चेहरा. प्रत्येक घटकाच्या शेवटी चाचणी. नापास झालं तर घटक पुन्हा. कार्डशीट फ्रीजच्या दारावर चिकटवलं.

माझे मिस्टर सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. दिवसभर गेज लावून पार्ट पास की नापास ते ठरवतात. ते पाणी प्यायला फ्रीजपाशी आले आणि बाटली हातात धरून सगळं वाचत उभे राहिले.

"चेहरा शेवटी का?"

"अवघड असतो म्हणून."

"आणि हे चाचणीचे पेपर कोण तपासणार?"

"तुम्ही."

त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून हे काम त्यांनी इतकं मनावर घेतलं की मला पश्चात्ताप व्हायची वेळ आली. रोज संध्याकाळी मी पानभर रेघा ओढायची, हात टेबलावर न टेकवता, खांद्यापासून. हे चष्मा लावून पान डोळ्यांसमोर आडवं धरायचे, एका बाजूने एक डोळा मिटून रेघेवरून नजर टाकायचे, आणि "ही पास, ही पास, ही रिजेक्ट" म्हणत जायचे. एकदा मी तिसऱ्यांदा रिजेक्ट झालेली रेघ पुन्हा ओढली तर म्हणाले, "आता कस्टमरला चालेल."

मुलांना मी हे सगळं एक घटक मागून शिकवत होते. मी खोक्यांवर गेले की वर्ग रेघांवर. मला जे काल जमलेलं असायचं ते आज मुलांना सांगताना इतका आनंद व्हायचा की गणिताच्या तासाला मी अशी कधी वागलेच नव्हते. वर्गात उड्या मारल्या नाहीत, एवढंच काय ते.

पण खरं वेड लागलं ते लंबगोलाच्या घटकात. इतकी वर्षं मी वर्तुळ शिकवते. केंद्र, त्रिज्या, जीवा, स्पर्शिका. आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं की वर्तुळ असं आपल्याला जवळपास कधी दिसतच नाही. आपण वाटीकडे तिरके बघतो, म्हणून वाटीचं तोंड लंबगोल दिसतं. बांगडी लंबगोल, स्कूटरचं चाक तिरकं बघितलं की लंबगोल, रस्त्यावरचं चेंबरचं झाकण लंबगोल. सगळं नाशिक लंबगोलांनी भरलेलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही गंगापूर रोडच्या बाजूला एका मळ्यात मिसळ खायला गेलो होतो. झाडाखाली टेबलं, समोर ताटात मटकीची वाटी, रश्श्याची वाटी, दह्याची वाटी. माझ्यापासून लांब असलेली वाटी जास्त चपटी, जवळची जास्त उघडी. मी त्या तीन वाट्यांकडे बघतच बसले.

"रस्सा गार होतोय," हे म्हणाले.

"अहो, तुमची वाटी जरा वर धरा."

त्यांनी धरली.

"अजून वर. डोळ्यांच्या रेषेत."

त्यांनी ती भरलेली वाटी आरती ओवाळल्यासारखी हळूहळू वर नेली. वाटीचं तोंड चपटं होत होत गेलं आणि बरोबर डोळ्यांसमोर आल्यावर एक सरळ रेघ झालं. लंबगोल गेला. मला इतकं हसू फुटलं की पाव खाली ठेवावा लागला. "खाली घ्या. आता पुन्हा वर." हे बिचारे वाटी खालीवर करतायत, मी टेबलावर हनुवटी टेकवून बघतेय. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक थांबले. वाढणारा धावत आला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, केस निघाला का?"

हे अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "नाही. वाटी लंबगोल निघाली."

त्याने खरंच दुसरी वाटी आणून दिली.

भांडी झाली, झाडं झाली. पायांचा घटक मी गोदाकाठी केला, कारण तिथे घाटाच्या पायऱ्यांवर लोक चपला काढून निवांत बसतात आणि कुणी कुणाच्या पायांकडे बघत नाही, असा माझा समज होता. एका आजीबाईंनी मला बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, जोडवं हरवलं का तुमचं?" मी नाही म्हटलं, वही दाखवली. त्यांनी स्वतःचा पाय पाहिला, वहीतला पाहिला, आणि साडी नीट ओढून दुसरा पाय पुढे केला. तो जास्त चांगला होता म्हणे.

मी हातांच्या घटकात शिरले आणि मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न आलं. ताई दिंडोरीपासून जरा आत एका गावात दिलेली आहे, द्राक्षबागाईतदारांच्या घरी. माल उतरून गेला होता, एप्रिलची छाटणी पण उरकली होती, आणि घर एकदाचं लग्नाला मोकळं झालं होतं. हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही पोचलो. मांडवात पाऊल टाकतेय तोवर ताईने चार बायकांना सांगून टाकलं होतं, "माझी धाकटी बहीण चित्रकार आहे."

"अगं, मी चित्रकार नाहीये. मी सातव्या घटकात आहे."

"गप बस," ताई म्हणाली. "तेवढंच माझं बोलणं मोठं."

तिला त्या दिवशी सगळंच मोठं करून हवं होतं, आणि त्याचं कारण होतं. नवरदेवाकडची मंडळी घोटीची, भाताची गिरणी असलेली. नवरदेवाच्या आईचा सगळ्यांना धाक होता. साखरपुड्यात त्या पूर्ण वेळ ताठ बसून होत्या आणि जेवण कसं आहे असं विचारल्यावर फक्त "बरं आहे" म्हणाल्या होत्या. माझी भाची हळद लावायला बसायच्या आधी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मावशी, पोरगा चांगला आहे गं. पण त्या बोलतच नाहीत. मी घरात काय करायचं?"

मी म्हटलं, "बघू."

घरची हळद लागली, गाणी झाली, आणि नवरदेवाकडची उष्टी हळद यायची वाट बघत होतो तेवढ्यात ताईचे सासरे माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. डोक्यावर नवा फेटा, धोतर कडक इस्त्रीचं. त्यांना सगळेजण बाबा म्हणतात, मी पण बाबाच म्हणते.

"काढा मास्तरीणबाई. फोटो काढा आमचा."

"बाबा, चेहरे अजून आले नाहीत हो."

"कुठून यायचेत?"

"म्हणजे माझ्या अभ्यासात आले नाहीत. ते शेवटी आहेत."

बाबांनी विचार केला. "मंग काय आलंय?"

"हात."

"मंग हात काढा. त्यात काय." आणि त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला.

मी पॅड काढलं. त्या हाताला छाटणीच्या कात्रीचा घट्टा होता, अंगठ्याचं नख उभं चिरून पुन्हा वाढलेलं, बोटांची पेरं हळकुंडासारखी. मी आधी मोठा आकार घेतला, मग बोटांची दिशा, मग पेरं. जसं टाचण होतं तसंच. आणि कसं कोण जाणे, तो हात उतरला. घरी काढलेल्या हातांत एकही असा उतरला नव्हता. पाठीमागे उभ्या असलेल्या ताईच्या जाऊबाई म्हणाल्या, "अय्या, हे तर बाबांचंच नख." त्यांनी तो कागद नेऊन आतल्या बायकांना विचारलं, हा हात कोणाचा? आतून एका दमात उत्तर आलं, "बाबांचा."

मग काय विचारता. जाऊबाईंचा हात झाला, आचाऱ्याचा झाला, गावातल्या एका काकूंचा झाला. प्रत्येक कागद आत जायचा आणि आतून ओरडून नाव यायचं. ज्यांचा ओळखू आला नाही त्यांनी कुरकुर केली आणि पुन्हा काढायला लावला. काकूंनी तर पाटल्या काढून ठेवल्या होत्या, त्या घालून परत रांगेत आल्या. माझी पेन्सिल गरम झाल्यासारखी वाटत होती. मला भूक लागलेली कळत नव्हती. हे माझ्या बाजूला बसून पेन्सिलींना टोक करून देत होते आणि न विचारता प्रत्येक हाताला "पास" म्हणत होते.

अशात बाहेर जीप थांबली. घोटीहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन मंडळी आली होती. रीत अशी की त्या घरच्या बायका येतात, नवरदेवाच्या आईने यायची काही गरज नसते. पण जीपमधून पहिल्या उतरल्या त्या विहीणबाईच. मांडवातला आवाज एकदम उतरला. ताईने मला डोळ्यांनी खूण केली की हे आवर. मी पॅड बंद करेपर्यंत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय चाललंय?"

बाबा म्हणाले, "मास्तरीणबाई सगळ्यांचे हात घेताहेत."

विहीणबाईंचा काहीतरी वेगळाच समज झाला. त्या बाबांनी सोडलेल्या खुर्चीवर बसल्या आणि तळहात वर करून माझ्यापुढे धरला. "मला लय विश्वास नाय यावर. पण बघा."

"मी भविष्य नाही सांगत," मी म्हणाले. "नुसता हात काढते. चित्र."

त्यांनी तळहात पालथा केला. "काढा मग."

ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझा खांदा घट्ट धरला. हातात हिरव्या बांगड्या, त्यांच्या पुढेमागे सोन्याच्या, एक अंगठी, आणि बोटं आखूड, जाड, ताकदीची. बांगड्यांचे लंबगोल माझे छान आले. त्या आनंदात मी बोटांवर गेले, भराभर काढलं, सावली दिली, आणि सही केल्यासारखी खाली एक रेघ ओढून कागद त्यांच्या हातात दिला.

ताईचा हात माझ्या खांद्यावर आवळला. तिला आधी दिसलं होतं.

विहीणबाईंनी कागद जवळ घेतला. लांब धरला. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने त्या कागदावरची बोटं एकेक करून मोजू लागल्या. मोजून झाली, आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मोजली.

"हे एक बोट कोणाचं?" त्यांनी विचारलं.

सहा काढली होती मी. अंगठा धरून सहा.

"चुकून जास्तीचं आलं," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकावरून आल्यासारखा आला.

"आणि या बाई शाळेत गणित शिकवतात," बाबा मागून म्हणाले. त्यांना वाटलं ते मला सांभाळून घेतायत.

विहीणबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं राग आलाय. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पदराआडून असं काही हसू बाहेर आलं की जीपच्या ड्रायव्हरने पण मान वळवून पाहिलं. त्यांना बोलता येईना. हाताने थांबा थांबा अशी खूण करत होत्या आणि पुन्हा हसत होत्या.

"तरीच," त्या शेवटी म्हणाल्या. "गिरणीवर वजनं मी बघायची, सैपाक मी करायचा, गुरं मी बघायची. तरीच म्हणते मी, पाचात एवढं होतं कसं."

मग मात्र अख्ख्या मांडवाला हसू आवरलं नाही. पाटावर बसलेली माझी भाची इतकी हसली की तिच्या गालांवरच्या वाळलेल्या हळदीला भेगा पडल्या आणि खपल्या तिच्या पिवळ्या साडीवर पडायला लागल्या. बायका एकमेकींच्या अंगावर कलंडत होत्या. ताई माझा खांदा सोडून खाली बसली आणि डोळे पुसत होती. मी सुद्धा हसत होते.

विहीणबाईंनी तो कागद घडी न घालता जीपमधून आलेल्या त्यांच्या जावेकडे सांभाळायला दिला. मग भाचीला म्हणाल्या, "ये गं इकडं."

भाची उठून आली. त्यांनी स्वतःच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतली, तिला बसवलं आणि तिचा हळदीने माखलेला हात आपल्या हातावर ठेवला.

"आता दोघींचे काढा," त्या मला म्हणाल्या. "आणि मोजून काढा."

मी मोजून काढले. मोठ्याने मोजत काढले, आणि माझ्याबरोबर अख्खा मांडव मोजत होता. एक, दोन, तीन. पाचावर आले की सगळे एकदम "बास" म्हणायचे. पण तो कागद मी मुद्दाम सावकाश काढला. कारण एकदा हात ठेवल्यावर त्या दोघींना हलता येत नव्हतं, आणि नुसतं बसून काय करायचं म्हणून विहीणबाई बोलायला लागल्या होत्या. तुला भात कसला आवडतो. इंद्रायणी की कोलम. तुला गाडी येते का. मला नाय येत, मला कुणी शिकवलीच नाय. भाची म्हणाली, "मी शिकवीन." त्यावर त्यांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, पण हात काढला नाही. मी बांगड्या काढून झाल्यावर पुन्हा एकदा बांगड्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी लग्न व्यवस्थित पार पडलं. पॅडचे सगळे कागद लोकांनी नेले होते. मी रिकामं पुठ्ठ्याचं पॅड घेऊन घरी आले, आणि चाचणीला दाखवायला काहीच उरलं नाही म्हणून ह्यांनी मला हातांच्या घटकात तोंडी परीक्षेवर पास केलं.

त्यानंतर साधारण दोनेक आठवड्यांनी फोन आला. विहीणबाई होत्या.

"तुमचा तो अभ्यासाचा तक्ता पाठवता का? सूनबाई म्हणाली, तुमच्याकडं तक्ता हाये."

मी फ्रीजवरच्या कार्डशीटचा फोटो काढून पाठवला. वर मोठा मेसेज लिहिला. घाई करू नका, आधी रेघा पक्क्या करा, मग खोकी, क्रम चुकवू नका. शिक्षकाचा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक फोटो पाठवला. गिरणीच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने काढलेला चेहरा होता. कान दोन्ही एकाच बाजूला सरकलेले, मान नाहीच, केस म्हणजे नुसतं गुंतवळ. आणि हसू मात्र माझ्या भाचीचं. वरचा ओठ जरा डावीकडे जास्त उचलला जातो, तिच्या लहानपणापासून जातो, तो तसाच्या तसा. ते बघून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने हसले आणि लगेच त्यांना फोन लावला.

"चेहरा एवढ्यात नाही काढायचा. चेहरा शेवटी आहे."

"तुमच्या शेवटापर्यंत कोण थांबतंय?" त्या म्हणाल्या. मागून गिरणीचा आवाज येत होता आणि त्यावरून भाचीचं खिदळणं. "आज सूनबाई गाडीवर बसवतीये मला. पडले तर हात मोडंल. म्हणून काल काढून घेतलं."

मी फोन ठेवला. उन्हाळ्याची सुट्टी होती, संध्याकाळचे साडेपाच सहा झाले असतील. हे नुकतेच कारखान्यातून येऊन बाल्कनीत चहा घेऊन बसले होते. मी आतून पॅड आणलं आणि त्यांच्यासमोर पाट टाकून बसले.

"आज काय? उभं माणूस?"

"चेहरा."

त्यांनी कप खाली ठेवला. फ्रीजकडे एकदा पाहिलं. उठून आत गेले, केसांवरून पाण्याचा हात फिरवून भांग पाडून आले आणि खुर्चीवर ताठ बसले.

"चष्मा ठेवू की काढू?"

"ठेवा."

"हसू का?"

"तुम्हाला हवं तसं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भुवई एक वर आणि एक खाली आहे हे मला माहीतच नव्हतं. डाव्या कानाची पाळी उजव्यापेक्षा मोठी होती. त्यांना कळलं मी काय बघतेय आणि त्यांनी कान झाकायला हात वर नेला. मी म्हटलं, हलायचं नाही. पहिली रेघ कपाळापासून सुरू केली आणि तेवढ्यात दोघांनाही हसू आवरेनासं झालं, त्यामुळे ती रेघ कपाळावरून निघाली ती कानाच्याही पलीकडे, पार कागदाच्या काठापर्यंत गेली. ती तशीच ठेवून मी नाकाकडे वळले.